आयोडीन सुरू करायचंय? आधी बाटलीवरचा आकडा नीट वाचा

मागच्या महिन्यात ताई आली होती, चहा होईपर्यंत पर्समधून एक छोटी बाटली काढून माझ्यापुढे ठेवली, म्हणाली बघ गं, थायरॉईडसाठी मागवलंय, आयोडीन आहे, रोज एक गोळी. मी चष्मा लावून मागचं लेबल वाचलं, बारीक अक्षरात १२.५ एमजी. मी म्हटलं ताई, रोजची गरज किती असते माहितीये का, तर तिने लगेच मोबाईलवर शोधून दाखवलं, १५०. "मग हे तर कमीच आहे की, साडेबारा कुठे आणि दीडशे कुठे."

इथेच लोक फसतात. दीडशे आहेत ते मायक्रोग्रॅम आणि साडेबारा आहेत ते मिलिग्रॅम, आणि एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम बसतात. म्हणजे ताईची एक गोळी १२,५०० मायक्रोग्रॅमची झाली, जवळजवळ ८३ दिवसांचं आयोडीन एका घोटात. आता हे बघा, माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून आयोडीन असतं १५ ते २० मिलिग्रॅम, त्यातला बहुतेक भाग गळ्यातल्या त्या फुलपाखरासारख्या ग्रंथीत साठवलेला. ताई रोज सकाळी त्याच्या निम्म्याहून जास्त गिळत होती आणि वर म्हणत होती कमीच आहे की.

मी हसले नाही, कारण मी स्वतः हेच केलंय. मला हायपो, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन कमी पडण्याचा आजार, निघाला त्या वर्षी कुणीतरी सांगितलं की थायरॉईडला आयोडीन लागतं, मग तुझ्याकडे ते कमी असणार, आणि मी समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल तीन महिने न चुकता खाल्ल्या, नॅचरल आहे म्हणून. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की हे वाढतं) सहाच्या घरात होता तो चौदावर गेला. तर मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, पण या एका विषयात हात पोळलेली पेशंट आहे, म्हणून कुठल्या क्रमाने जायचं ते नीट सांगते.

पहिलं काम: आपल्याला आयोडीन कमी पडतंय का, हे आधी ठरवा

थायरॉईड ग्रंथी रक्तातलं आयोडीन ओढून घेते आणि त्यापासून टी४ आणि टी३ ही हार्मोन्स बनवते. टी४ मधला चार आणि टी३ मधला तीन हे आयोडीनच्या अणूंचेच आकडे आहेत, एवढा सरळ संबंध आहे. त्यामुळे आयोडीन खरंच मिळालं नाही तर हार्मोन कमी बनतं, मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवून थायरॉईडला चाबूक मारत राहते, आणि ती बिचारी जास्त आयोडीन पकडायला फुगत जाते, तोच गलगंड. अशा माणसाला आयोडीन दिलं की फरक पडतो, यात वादच नाही.

पण हायपो होण्याचं ते एकच कारण नाही ना. जिथे मिठात आयोडीन घातलेलं असतं तिथे हायपोचं सगळ्यात मोठं कारण असतं हाशिमोटो, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉईडवर हल्ला करते (हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये याचं पहिलं वर्णन केलं, म्हणून ते नाव). तिथे कच्चा माल भरपूर आहे, मशीनच मोडत चाललंय, आणि अशा वेळी आणखी कच्चा माल ओतला तर काय होणार. माझं तेच झालं होतं.

मग कमतरता खरंच कुणाला असू शकते? जे आयोडीनयुक्त मीठ वापरतच नाहीत, सैंधव, गुलाबी खडे, फॅन्सी समुद्री मीठ असलं काही वापरतात (समुद्रातून आलंय म्हणून त्यात आयोडीन असेल असं वाटतं, पण वरून घातलेलं नसेल तर नगण्यच असतं). जे दूध, अंडी, मासे यातलं काहीच खात नाहीत. आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, कारण त्यांची गरजच दीडपट होते, त्यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय. यातल्या एकाही गटात तुम्ही बसत नसाल तर कमतरतेची शक्यता कमी, आणि गोळीवर पैसे घालवायच्या आधी टेस्ट करून घेतलेली बरी.

स्वयंपाकघरातला हिशोब करा, पाच मिनिटं लागतात

मिठाच्या पाकिटावर आयोडीन किती ते पीपीएममध्ये लिहिलेलं असतं, म्हणजे एका किलोत किती मिलिग्रॅम. समजा ३० लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे सपाट चहाचमच्यापेक्षा थोडं कमीच. ५ ग्रॅम गुणिले ३०, झाले १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे मोठ्या माणसाची दिवसाची गरज मिठातच भागली, थोडं शिजवताना उडालं तरी दूध, अंडी वगैरेतून भरून निघतं. पाकिटावर १५ असेल तर त्याच चमच्यातून ७५, मग बाकीचं कुठून येतंय ते बघावं लागेल.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, मीठ उघड्यावर, दमट जागी, गॅसशेजारी ठेवलं तर आयोडीन हळूहळू उडून जातं, घट्ट झाकणाची बरणी घ्या आणि मीठ शक्यतो शेवटी शेवटी घाला. दुसरी गोष्ट म्हणजे पाकीटबंद पदार्थांतलं मीठ बऱ्याचदा आयोडीनशिवायचं असतं, त्यामुळे मी खारट खूप खाते म्हणजे माझं आयोडीन भरपूर असेल असा हिशोब करू नका. आणि उलट्या बाजूने, आयोडीन हवं म्हणून मीठ वाढवायचं तर अजिबात नाही, बीपी वाढवून घ्याल. मीठ तेवढंच किंवा कमी, फक्त आयोडीनवालं.

कोबी, फ्लॉवर, सोयाबीन याबद्दल पण फार घाबरवलं जातं. त्यात आयोडीनच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात हे खरं, पण आयोडीन पुरेसं असेल आणि भाजी शिजवून नेहमीच्या प्रमाणात खात असाल तर त्रास होत नाही. सिगारेटचा धूर जास्त वाईट, त्यातून तयार होणारं थायोसायनेट आयोडीनला ग्रंथीत शिरू देत नाही, पण कोबी सोडणारे लोक सिगारेट सोडत नाहीत, असो.

टेस्ट कुठल्या करायच्या आणि कुठल्या नाही

टीएसएच, फ्री टी४ आणि अँटी टीपीओ अँटीबॉडी. या तीन. अँटी टीपीओ लोक वगळतात, मीही वगळली होती, आणि हाशिमोटोची खूण सहसा त्याच टेस्टमध्ये दिसते. ती वाढलेली असेल तर आयोडीनची बाटली जिथून आली तिथे परत पाठवा आणि डॉक्टरांशी बोला.

लघवीतलं आयोडीन मोजणारी टेस्ट पण मिळते, ती चांगलीच आहे पण लोकसंख्येसाठी. शेकडो लोकांचे नमुने घेऊन मधला आकडा लिटरला १०० ते १९९ मायक्रोग्रॅम आला तर त्या भागात आयोडीन पुरेसं आहे असं समजतात. एका माणसाच्या एका नमुन्याला तसा अर्थ नाही, काल काय खाल्लं, आज पाणी किती प्यायलं यावर तो आकडा वरखाली होतो. आणि ते मनगटावर आयोडीनचा तपकिरी डाग लावून किती तासांत जातो ते बघायचं, लवकर गेला म्हणजे शरीर तहानलेलं आहे, हे तर विसराच. डाग हवेत उडून जातो, गरम दिवस असेल तर अजून लवकर. मी केलंय ते पण, सकाळी लावला, दुपारी गायब, आणि मी दुसऱ्याच दिवशी कॅप्सूल मागवल्या 🙈

गोळी घ्यायचीच ठरली तर कुठली

समजा हिशोब केला, टेस्ट झाल्या, डॉक्टर म्हणाले घ्या. मग पोटॅशियम आयोडाइडची १५० मायक्रोग्रॅमवाली साधी गोळी, एवढं पुरतं. लेबल वाचताना तीन गोष्टी बघायच्या.

युनिट बघायचं, ते वर सांगितलंच, एमसीजी (मायक्रोग्रॅम) की एमजी (मिलिग्रॅम). मग आकडा आयोडीनचा आहे की पोटॅशियम आयोडाइडचा ते बघायचं, कारण पोटॅशियम आयोडाइडच्या वजनात साधारण ७६ टक्केच आयोडीन असतं, म्हणजे २०० मायक्रोग्रॅम पोटॅशियम आयोडाइड लिहिलं असेल तर हातात पडलं सुमारे १५० आयोडीन. आणि तिसरं, तुम्ही आधीच जी मल्टिव्हिटॅमिन घेताय ती उलटी करून वाचा, बऱ्याच गोळ्यांत १५० आधीच असतं, मग वेगळी कशाला.

शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या कॅप्सूलबद्दल माझं मत एकदम स्पष्ट आहे, नको. शेवाळात आयोडीन किती हे जातीवर, समुद्रावर, ऋतूवर, वाळवण्यावर ठरतं, वेगवेगळी शेवाळं मोजली तर एका ग्रॅममध्ये १६ मायक्रोग्रॅमपासून ८,००० च्या वरपर्यंत आकडे आलेले आहेत. कॅप्सूल तीच दिसते, आत काय आलंय देव जाणे.

लुगॉलचं सोल्युशन हा दुसरा प्रकार, त्याचे थेंब पाण्यात टाकून प्यायचे व्हिडिओ फिरतात. हे १८२९ पासूनचं औषध आहे आणि थायरॉईडच्या काही ऑपरेशनआधी डॉक्टर आजही देतात, थोडे दिवस, देखरेखीखाली. पण पाच टक्के सोल्युशनच्या एका थेंबात साधारण ६ मिलिग्रॅम आयोडीन असतं, म्हणजे चाळीस दिवसांचा डोस एका थेंबात, आणि ड्रॉपर दाबताना दोन थेंब कधी पडतात कळत पण नाही.

अजून एक, १३० मिलिग्रॅमच्या पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या दिसतील. त्या अणुभट्टीच्या अपघातासाठी असतात, किरणोत्सारी आयोडीन ग्रंथीत शिरू नये म्हणून ती आधीच साध्या आयोडीनने भरून टाकायची. सरकार सांगेल तेव्हाच, सांगेल तेवढ्याच घ्यायच्या. रोजच्या खुराकाशी त्यांचा काही संबंध नाही.

जास्त झालं तर होतं काय

हा भाग लोकांना पटत नाही, व्हिटॅमिन सीसारखं जादा झालं तर लघवीतून निघून जाईल असं वाटतं. निघून जातं बरंचसं, पण त्याआधी ग्रंथीला गोंधळात टाकून जातं. एकदम खूप आयोडीन आलं की थायरॉईड हार्मोन बनवणंच काही काळ थांबवते, १९४८ मध्ये वुल्फ आणि चायकॉफ या दोघांनी हे दाखवलं, त्यांच्याच नावाने ओळखतात. निरोगी माणसात काही दिवसांत ग्रंथी पूर्ववत कामाला लागते. हाशिमोटोवाल्यांची बऱ्याचदा लागत नाही, थांबली ती थांबलीच, आणि हायपो वाढतो. कॅप्सूल बंद केल्यावर माझा टीएसएच खाली यायला तीन महिने गेले.

उलटंही होतं. ज्यांच्या ग्रंथीत जुन्या गाठी आहेत, विशेषतः वय झालेले आणि आधी वर्षानुवर्षं आयोडीन कमी मिळालेले लोक, त्यांच्यात त्या गाठी मिळालेलं आयोडीन वापरून बेसुमार हार्मोन काढत सुटतात. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप उडणं, वजन उतरणं. वयस्कर माणसाच्या हृदयाला हे झेपत नाही.

आणि हे काही आजचं ज्ञान नाही हो. १८११ मध्ये कूर्त्वा नावाच्या फ्रेंच माणसाला शेवाळाच्या राखेत आयोडीन सापडलं, १८२० मध्ये जिनिव्हात डॉक्टर क्वांदे यांनी गलगंडाच्या पेशंटना ते द्यायला सुरुवात केली, गाठी उतरल्या, गावभर बोलबाला झाला, आणि मग काही जण धडधड आणि वजन उतरल्याच्या तक्रारी घेऊन आले. डोस प्रचंड होते. नंतर कित्येक दशकं डॉक्टर आयोडीनला बिचकूनच राहिले. शंभरेक वर्षांनी, १९२२ मध्ये स्वित्झर्लंडने आणि १९२४ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनने मिठातून अगदी चिमूटभर द्यायला घेतलं, तेव्हा कुठे गलगंड खऱ्या अर्थाने हटायला लागला. आयोडीन तेच, फक्त डोस हजारो पटीने लहान.

मोठ्या माणसासाठी रोजची वरची मर्यादा अमेरिकेत १,१०० मायक्रोग्रॅम धरतात, युरोपात ६००. मी युरोपवाली धरते, आणि ती खाणं आणि गोळी दोन्ही मिळून बरं का, नुसत्या गोळीची नाही. तोंडात धातूसारखी चव, तोंडात जळजळ, मळमळ, अचानक पुरळ असं काही झालं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

कुणी स्वतःच्या मनाने हात पण लावू नये

हाशिमोटो किंवा ग्रेव्हज (यात थायरॉईड गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते) असलेले, थायरॉईडमध्ये गाठी असलेले, थायरॉईडचं ऑपरेशन झालेले, लिथियम (मनाच्या आजारांवरचं औषध) घेणारे. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडारोन घेणारे तर नक्कीच नाही, २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन आधीच असतं. डाय टाकून सीटी स्कॅन झाला असेल तर त्या डायमध्येही भरपूर असतं, ते काही आठवडे शरीरात राहतं, टीएसएच करताना डॉक्टरांना हे सांगायचं. आणि रेडिओआयोडीन उपचार (किरणोत्सारी आयोडीन देऊन थायरॉईडवर करतात तो) ठरला असेल तर त्याआधी उलट आयोडीन कमी करायला सांगतात, तेव्हा गोळी चालू ठेवली तर उपचारच वाया जायचा.

थायरॉक्सिनची गोळी (हायपोवर देतात ती) रोज घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, त्या गोळीतलं हार्मोन तयारच आहे आणि त्याच्या वजनातलं साधारण ६५ टक्के आयोडीनच आहे. गोळीचा डोस कमी होईल या आशेने वर वेगळं आयोडीन घेऊ नका, आणि थायरॉक्सिन बंद करून आयोडीनवर तर कधीच जाऊ नका.

गरोदरपणात मात्र हयगय नको

आतापर्यंत मी सारखी नको नको करतेय, इथे उलट आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाची स्वतःची थायरॉईड काम करत नसते, त्याच्या मेंदूला लागणारं हार्मोन आईकडून येतं. आईला हार्मोन जास्त बनवावं लागतं, लघवीतून आयोडीन जास्त जातं, नंतर दुधातूनही जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी २५० मायक्रोग्रॅम सांगते. अमेरिकन थायरॉईड असोसिएशन रोज १५० मायक्रोग्रॅमची गोळी सुचवते, तीही शक्यतो दिवस राहायच्या तीन महिने आधीपासून. यात एक मेख आहे, गरोदरपणातल्या सगळ्याच व्हिटॅमिनच्या गोळ्यांत आयोडीन नसतं, लोह आणि फॉलिक ॲसिड बघून आपण समाधानी होतो, तर पाकीट उलटं करून आयोडीन शब्द शोधा. नसेल तर पुढच्या भेटीत विचारा. आधीच थायरॉक्सिन घेत असाल तर तुमचा हिशोब वेगळा, विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि चांगलं आहे म्हणून दुप्पट नाही, जास्त आयोडीनने बाळाची थायरॉईड पण थांबू शकते.

घेताना

आयोडीनची वेळ फार महत्त्वाची नाही, जेवणानंतर पाण्याबरोबर घ्या, पोटाला बरं पडतं. थायरॉक्सिन चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोह असलेली कुठलीही गोळी त्यानंतर चार तासांनी. आयोडीनवाल्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये बहुधा ही दोन्ही असतात, म्हणून ती दुपारच्या जेवणानंतरच. आयोडीन सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करा, त्याआधी करून काही कळत नाही, शरीराला नवीन पातळीवर यायला तेवढा वेळ लागतो. टीएसएच वर चढलेला दिसला तर आपल्याला आयोडीन अजून कमी पडतंय असं समजून डोस वाढवू नका, मी वाढवला होता.

ताईने गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या, थोडी चिडली माझ्यावर, पैसे गेले म्हणून. मग अँटी टीपीओ केली, वाढलेलीच निघाली. आता तिची पुढची टीएसएच येत्या सोमवारी आहे, आणि ती केसांसाठी बायोटिन घेते हे परवा बोलता बोलता कळलं, बायोटिनने थायरॉईडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, म्हणून शनिवारपासून ते बंद ठेव असा मेसेज टाकलाय. निळी टिक आलीये, उत्तर नाही.